साळुंखे कुटुंब

अमेरिकेतल्या, पार्सिपनीच्या आमच्या त्या पहिल्या घरात फोडणी टाकली की छत ओरडायचं. छतच म्हणते, कारण पहिल्यांदा झालं तेव्हा आवाज कुठून येतोय ते मला कळलंच नाही, मी कढई तशीच ठेवली आणि वाढलेलं पोट धरून अनवाणी जिन्यात पळाले, बाहेर बर्फ, समोरच्या दारातली गोरी म्हातारी मला काहीतरी विचारतेय, काळजीनंच विचारतेय, आणि मला इंग्रजीत फोडणी काही सांगता येईना. मग हे आले, म्हणजे नितीन, माझा नवरा, त्या दिवशी ऑफिसातून लवकर आले म्हणून बरं, ह्यांनी टॉवेल घेतला आणि छताला चिकटवलेल्या, धूर लागला की बोंबलणाऱ्या त्या पांढऱ्या डबीला वारा घालत उभे राहिले, देवाला चवरी ढाळावी तसे. तेव्हापासून तोच नियम पडला, मी फोडणी टाकणार आणि हे टॉवेल हलवणार. हे घरात नसले की मी भाकरीवर चटणी आणि कच्चं तेल घेऊन खायची. त्या आवाजाची सवय झाली पण भीती गेली नाही, आजही मोहरी तडतडली की माझा हात आधी छातीवर जातो.

आता आम्ही अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला, रेडमंडला राहतो, इथं पाऊस थांबतच नाही, धाकटी झोपली की मी फोनवर बोटानं लिहीत बसते, ती उठली की थांबते, म्हणून हे असं तुटक झालं तर झालं. थोरली स्वरा शाळेत जाते. तिच्या शाळेत खोटी खोटी निवडणूक झाली, खोकं, पडदा, छातीला चिकटवायचा स्टिकर, सगळं खऱ्यासारखं, आणि घरी येऊन दप्तर टाकत तिनं विचारलं, "मम्मा, हू डिड यू व्होट फॉर? लाइक, एव्हर?" मी म्हटलं हात धू आधी. तिला काय सांगणार. मी कधी मत दिलेलंच नाही. माहेरी नाव घालायच्या आधी लग्न झालं, सासरी नाव घालायच्या आधी विमान आलं, आणि इथं आमचं नाव लागेल तेव्हा लागेल. पण मग रात्रभर डोक्यात तेच, की एकदा दिलंय. दिलं म्हणायचं का त्याला ते माहीत नाही.

मी लहानाची मोठी झाले ती बार्शीजवळच्या खेड्यात, पण खरी मोठी झाले ती पार्सिपनीतच. बारावीला इंग्रजीत गेले होते, परत बसते म्हणत होते तेवढ्यात ह्यांचं स्थळ आलं. ह्यांचे वडील आणि माझे वडील मार्केट यार्डात एकाच अडत्याकडं कामाला, मुलगा इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेला तरी ह्यांच्या वडिलांनी दिलेला शब्द मोडला नाही. मला त्याचं अप्रूप वाटलं होतं. ह्यांना काय वाटलं होतं ते मी विचारलं नाही. ह्यांना अमेरिकेत आणलं ते इनामदार साहेबांच्या कंपनीनं, ती कंपनी इकडं माणसं आणून दुसऱ्या मोठ्या कंपन्यांत कामाला लावायची. ह्यांचा व्हिसा साहेबांच्या हातात आणि माझा व्हिसा ह्यांच्या व्हिसाला शेळीमागं करडू बांधावं तसा बांधलेला, ह्यांचा गेला की माझा गेला, एवढं मला पहिल्या दिवशीच समजलं होतं, बाकी काही समजलं नव्हतं. साहेब माणूस वाईट नव्हता, हे मला नीट लिहून ठेवायचंय. विमानतळावर स्वतः आले होते, गादी दिली, तांदळाची पिशवी दिली, मला म्हणाले, "वहिनी, काही लागलं तर मला थोरला दीर समजायचं." मी वाकून नमस्कार केला. तेच साहेब तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष होते, आणि सगळा घोळ त्यातनंच झाला.

स्वरा झाली, रांगायला लागली, आणि त्या वर्षी दर शनिवारी दुपारी आमच्याकडं माणसं जमायला लागली. आमच्याकडंच, कारण आमच्याकडं फर्निचर कमी आणि जागा जास्त. मी पोहे करायची, हे टॉवेल हलवायचे, ते लोक बूट काढून कार्पेटवर बसायचे आणि बायकांना मत मिळालं पाहिजे यावर बोलायचे. मंडळाचा नियम होता की एका कुटुंबाला एक मत. कुटुंबाचं मत म्हणजे नवऱ्याचं, असं लिहिलेलं कुठं नव्हतं, पण तसंच चालत आलेलं. ह्यांना ते बदलून प्रत्येक मोठ्या माणसाला एक मत असं करायचं होतं, बाईला वेगळं, पुरुषाला वेगळं. यात पुढं होते डॉक्टर काका, रिटायर झालेले, पहिल्यांदा आलेल्यांपैकी, पांढरा स्वेटर आणि हातात काठी. नियम लिहिला तेव्हा त्यांनीच सही केली होती. "तेव्हा आम्ही चार टाळकी होतो," ते म्हणायचे, "बायकांचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्या आत होत्या ना, स्वयंपाकघरात." मग माई गेल्या, त्यांची बायको. मंडळाच्या प्रत्येक जेवणाला माईंचा हात असायचा म्हणे. "ती गेली त्या वर्षीची मीटिंग," काका सांगायचे आणि दर वेळी इथं थोडं थांबायचे, "मी मत द्यायला उभा राहिलो आणि लक्षात आलं, की तिच्या नसण्यानं मतात काहीच फरक पडलेला नाही. जेवणात पडला. मीठ जास्त झालं होतं."

दुसरे केळकर, पुण्याचे, सगळ्यात जास्त तेच बोलायचे. "काका, हे बेसिक आहे यार. कुठल्या सेंच्युरीत राहतोय आपण? वन फॅमिली वन व्होट? लाज वाटते यार सांगायला." आणि त्याच दमात, "वहिनी, चहात आलं घातलंय का? मस्त." काका एकदा म्हणाले की शंभर वर्षांपूर्वी इथंच न्यूयॉर्कात पुरुष बायकांच्या मतासाठी मोर्च्यात चालले होते, बायकांच्या मागं, ओळीनं, चांगले शिकलेले सुटाबुटातले पुरुष, आणि रस्त्याच्या कडेचे लोक त्यांना ओरडत होते की घरी जा, भांडी घासा. ते ऐकून हे इतके खूश झाले, मला आत येऊन परत सांगितलं, जसं काही मी भिंतीपलीकडं नव्हतेच. मी सिंकमध्ये भांडीच घासत होते.

एकदा काकांनी मला विचारलं होतं, खोटं कशाला बोलू. मी ट्रे घेऊन उभी, सगळे जोरात चाललेले की बायकांना काय हवंय ते आपण नीट मांडलं पाहिजे, आणि काका एकदम माझ्याकडं बघून म्हणाले, "सूनबाई, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "साखर घालू का अजून?" केळकर हसले, काका नाही हसले, आणि ह्यांचे कान लाल झाले.

मला मत नको होतं. मला ह्यांनी घरी गप बसायला हवं होतं. ह्यांच्या व्हिसाची मुदत संपत आली होती, तो वाढवायचे कागद साहेबांच्या ऑफिसात पडलेले, साहेबांनी ते पुढं पाठवले तर आम्ही राहणार, नाही पाठवले तर कधी गाशा गुंडाळावा लागेल सांगता येत नव्हतं, आणि हे त्याच साहेबांच्या विरोधात दर शनिवारी माझ्या हातचे पोहे खाऊन बोलत होते.

"अहो, आपल्याला नको ते मत," मी म्हणायची.

"तुला नको म्हणून काय झालं? प्रिन्सिपलचा प्रश्न आहे."

"साहेब रागावतील. पेपर त्यांच्याकडं आहेत."

"तू गप बस गं जरा. तुमच्यासाठीच चाललंय ना हे."

मेधाला सांगितलं तर ती हसली. मेधा म्हणजे केळकरांची बायको, नोकरी करायची, गाडी चालवायची, नवऱ्याला नावानं हाक मारायची आणि माझ्या अहोला हसायची, पण माझी तिथली एकुलती एक मैत्रीण तीच. "मला कुणी विचारलंय का, अश्विनी? मला ह्यांच्या मंडळाचं मत नको, मला रविवारी झोप हवीय." मी विचारलं मग ते का करतायत एवढं, तर म्हणाली, "शनिवारी घरातनं सुटायला. आमच्याकडं व्हॅक्युम करायचा असतो."

मग मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लाटण्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, लाटणे संघाला शुभेच्छा. झालं, तेच नाव पडलं. दुकानात, पार्किंगमध्ये, कुणीही भेटलं की, "काय साळुंखे, आज पोळ्या कुणाच्या?" हे हसायचे. घरी येऊन फोन गादीवर आपटायचे. ह्यांना तर कणीक सुद्धा भिजवता येत नाही, त्यामुळं मला ह्यांची कीव पण यायची आणि हसू पण यायचं, आणि दोन्ही दाबून मी भाकरी थापत राहायची.

आणि एक दिवस इंडियन स्टोअरमध्ये मी मेथीची जुडी निवडत होते, स्वरा सामानाच्या ढकलगाडीत बसलेली, मागनं आवाज आला, "वहिनी, शनिवारी तुमच्याकडं पोह्यांचा कार्यक्रम असतो म्हणे. आम्हाला नाही बोलावलं." साहेब. हसतच होते. स्वराच्या गालाला हात लावला. मी म्हटलं या ना, कधीही या. "येऊ येऊ," म्हणाले. मग मेथीकडं बघत, हळू आवाजात, "नितीनला सांगा, त्याचे पेपर मी टेबलावर काढून ठेवलेत. मंडळाचं डोकं मंडळात ठेवू दे म्हणावं, सगळीकडं घेऊन फिरू नको. एका घरात दोन मतं झाली की घर राहत नाही वहिनी, मी बघितलंय." आणि माझ्या टोपलीत मेथीची दुसरी जुडी टाकून गेले, ही ताजी आहे म्हणाले. मी घरी येऊन ती मेथी निवडलीच नाही, तशीच पिवळी पडली. ह्यांना सगळं सांगितलं, शब्द न शब्द. पुढच्या शनिवारी मंडळी जमली तेव्हा ह्यांचा आवाज कमी आणि टॉवेल जास्त चालला.

आता एका शब्दाचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या गावाकडं कुटुंब म्हणजे बायको. घर नाही, पोरंबाळं नाहीत, बायको. माझे आजोबा पाहुण्यांना सांगायचे, थांबा, कुटुंबाला विचारतो, आणि आत जाऊन आजीला विचारायचे. सासरे अजूनही फोनवर ह्यांना विचारतात, "कुटुंब बरं हाय का?" म्हणजे मी. आणि मंडळाचा मेसेज यायचा तो असा, गणपतीला पोळ्या, साळुंखे कुटुंब. हॉलची आवराआवर, साळुंखे कुटुंब. मी वाचायची आणि कामाला लागायची, मला कधी शंका सुद्धा आली नाही की यात दुसरं कुणी असेल. नव्हतंच दुसरं कुणी. पोळ्या मीच केल्या, आवराआवर मीच केली.

वर्षाची मोठी मीटिंग संक्रांतीला होती, एका शाळेच्या कॅफेटेरियात. बाहेर बर्फाचे ढीग, आत ओल्या बुटांचा वास आणि तिळाचा वास. एका बाजूला खुर्च्या मांडलेल्या, पुढच्या ओळीत पुरुष, दुसऱ्या बाजूला आम्ही हळदीकुंकवाचं टेबल लावलेलं, खाली चिकटवायची रांगोळी. माझ्याकडं गुळाच्या पोळ्या होत्या, आदल्या दिवसापासून लाटत होते, गूळ बाहेर आला नाही याचाच मला आनंद. आल्या आल्या सेक्रेटरी यादी घेऊन उभा राहिला. "केळकर कुटुंब, पेपर प्लेटा?" मेधा म्हणाली हो. "साळुंखे कुटुंब, गुळपोळ्या?" मी म्हटलं हो. ह्यांच्या ठरावावरचं मतदान जेवणानंतर, दर वर्षीसारखं, असं ठरलेलं होतं. मी पोळ्या घेऊन शाळेच्या किचनमध्ये गेले गरम करायला, तिथं स्वरानं लंगोट भरला, तो बदलला, ती रडली, तिला गप केलं, आणि तेवढ्या वेळात बाहेर काय झालं ते मला मागनं मेधाकडनं कळलं. साहेब म्हणाले मतदान आधीच उरकू, लोकांना बर्फात घरी जायचंय. आणि म्हणाले चिठ्ठ्या नकोत, आपण सगळे घरचेच, तोंडानं सांगा, हो किंवा नाही. म्हणजे कोण काय म्हणतं ते समोरासमोर. आणि सेक्रेटरीनं तीच यादी परत उघडली.

डॉक्टर काका हो म्हणाले. केळकरांचं नाव आलं तेव्हा केळकर म्हणाले, तटस्थ. इतक्या शनिवारांचे पोहे, आणि तटस्थ. मेधानं त्यांच्याकडं बघितलं नाही, प्लेटा मोजत राहिली म्हणे. अशी नावं खाली खाली येत गेली.

मी किचनच्या दारातनं बाहेर आले, कडेवर स्वरा, हातात तिळगुळाची वाटी, आणि माझ्या कानावर आलं, "साळुंखे कुटुंब?"

मी म्हटलं, "हो." मोठ्यानं म्हटलं, हॉल मोठा होता.

खुर्च्या कर्र करून वळल्या. सगळी तोंडं माझ्याकडं. हे अर्धे उठलेले, तोंड उघडं, त्या उघड्या तोंडात हो होतं की नाही होतं ते कुणालाच कधी कळलं नाही. मग कुणीतरी खुसकन हसलं आणि सगळा हॉल हसला.

"वहिनी," साहेब माइकवरनं म्हणाले, छान हसत, "मतदान चाललंय. पोळ्या नंतर."

"मला वाटलं पोळ्यांचंच विचारताय," मी म्हटलं. अजून हसले सगळे. मी वाटी टेबलावर ठेवली.

"हे धरू नका," साहेब सेक्रेटरीला म्हणाले. "नितीन, तू सांग."

"का धरू नका?" काठी वाजली. डॉक्टर काका उभे. "कुटुंब म्हणून हाक मारली, कुटुंबानं उत्तर दिलं."

"काका, कुटुंब म्हणजे फॅमिली."

"इनामदार, तुझे आजोबा आमचं कुटुंब म्हणायचे तेव्हा त्यांना फॅमिली म्हणायचं असायचं का रे?" आता दुसऱ्या बाजूचे हसले, म्हातारे जास्त. "पोळ्या मागताना कुटुंब म्हणजे ही. मत मागताना कुटुंब म्हणजे तो. एकदा काय ते ठरवा आणि मग हाका मारा."

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते काकांकडं बघतच नव्हते, ह्यांच्याकडं बघत होते, मेथीकडं बघत होते तसे. "नितीन, बोल बाबा," म्हणाले, "पोळ्या गार होतायत."

हे खाली बघत होते, ओल्या फरशीकडं. मग माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला अजून डोळे मिटले की दिसतं, पण वाचता येत नाही. म्हणाले, "तिलाच विचारा."

"काय?" साहेब म्हणाले.

"तिलाच विचारा म्हटलं. कुटुंब तीच आहे." आणि खाली बसले.

आता सगळ्यांसमोर मी एकटी. हसणं बंद झालेलं. इतकी माणसं मी काहीतरी बोलायची वाट बघत उभी, बसलेली, असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं, ना शाळेत ना लग्नात. स्वरा माझं मंगळसूत्र तोंडात घालत होती. माझ्या डोक्यात ते टेबल, त्या टेबलावरचे कागद, शेळीमागं बांधलेलं करडू, बार्शीच्या स्टँडवर आम्ही बॅगा घेऊन उतरलोय आणि लोक विचारतायत का आला परत, सगळं एकदम. मला नाही म्हणायचं होतं. किती महिने मी ह्यांना तेच शिकवत होते, नाही म्हणा, सोडून द्या, आपलं घर सांभाळा. एक शब्द, आणि साहेब हसले असते, म्हणाले असते बघा, बायकांनाच नकोय, आणि आम्ही सगळे जेवायला बसलो असतो.

मी हो का म्हटलं त्याला धड कारण नाही. शिकलेली असते तर सांगता आलं असतं. एवढंच की एकदा हो तोंडातनं गेलं होतं आणि त्याला सगळे हसले होते, आणि नाही म्हटलं असतं तर ते हसणं खरं ठरलं असतं. किंवा माईंचं मीठ आठवलं असेल. किंवा काहीच आठवलं नसेल. मी म्हटलं, "हो."

"ऐकू नाही आलं," सेक्रेटरी म्हणाला. तो खोडसाळपणा करत नव्हता, खरंच आवाज आला नव्हता.

"हो, म्हटलं."

ठराव पडला. माझं धरलं की नाही धरलं ते सुद्धा कुणी सांगितलं नाही, त्यानं फरक पडत नव्हता म्हणे. मग पंगत झाली, साहेबांनी माझी पोळी मागून घेतली, तूप घातलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, खुसखुशीत झालीय हो." मेधानं माझ्या हातातला झारा काढून घेतला आणि म्हणाली तू बस, मी वाढते, आणि तिचे डोळे भरलेले होते, माझ्यासाठी की केळकरांसाठी ते मी विचारलं नाही.

मग गाडीत बसलो. वायपर बर्फ ढकलत होते, स्वरा मागं झोपलेली, हीटरचा तो जळका वास. घराजवळच्या सिग्नलला थांबलो तेव्हा हे म्हणाले, "तू हो का म्हणालीस?"

मी म्हटलं, "तुम्ही मला का विचारायला लावलंत?"

सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न मारला.

शनिवार बंद झाले. पोह्यांचा डबा तसाच भरलेला राहिला, मी कितीतरी दिवस टपालाच्या पेटीची किल्ली ह्यांच्याकडनं मागूनच घेतली नाही, त्यात काय असेल या भीतीनं. बर्फ वितळलं तेव्हा साहेबांच्या ऑफिसातनं कळलं की ह्यांचं प्रोजेक्ट संपलंय, दुसरं नाही, त्यामुळं पेपर पुढं पाठवता येत नाहीत. प्रोजेक्ट खरंच संपलं होतं का? तेव्हा आणखी दोघांचं पण गेलं, त्यातला एक तर साहेबांच्या बाजूनं नाही म्हणालेला. मग कसं म्हणू की माझ्या त्या एका शब्दानं झालं. आणि कसं म्हणू की नाही झालं. हे दिवसभर फोन करायचे, कॅमेऱ्यासमोर इंटरव्ह्यू द्यायचे, शर्ट वरती आणि खाली लुंगी, आणि मी स्वराला घेऊन बाथरूममध्ये बसायची, ती रडली तर तिकडं ऐकू जाऊ नये म्हणून. मुदत संपायच्या आत रेडमंडला नोकरी लागली, ती पण कशीबशी. साहेब निरोपाला आले नाहीत पण माणसाकरवी पेढे पाठवले, स्वराला फ्रॉक पाठवला. मी तो फ्रॉक तिला घातला. चांगला होता.

डॉक्टर काका आले होते, काठी टेकत जिना चढून. माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी दिलं, माईंचं लाटणं. "लाटणे संघ विसर्जित," म्हणाले. मग म्हणाले, "सूनबाई, आम्ही तुला आधी विचारायला हवं होतं. साखर सोडून." मी वाकले तर मला वाकू दिलं नाही.

तो नियम पुढं बदलला. मेधानं फोनवर सांगितलं, साहेब अध्यक्ष राहिले नाहीत, नवी पोरं आली, त्यांना यात वाद घालण्यासारखं काय ते सुद्धा कळलं नाही, एका दुपारात होऊन गेलं. आता तिथं बायकांना वेगळं मत आहे. "तू देतेस का?" मी विचारलं. "छे," म्हणाली, "रविवारी असतं. मी झोपते." काका तेव्हा राहिले नव्हते.

इथं रेडमंडला छत ओरडत नाही, पंखा चांगला आहे, तरी मी मोहरी टाकली की हे टॉवेल घेऊन उभे राहतात, सवयच. अशा वेळी मी एकदा विचारलं होतं, पाठमोरी असताना, कारण तोंडावर विचारायला मला अजून भीती वाटते. म्हटलं, त्या दिवशी तुम्ही मला मत दिलंत, का माझ्यामागं लपलात? टॉवेल थांबला. मग परत हलायला लागला. "मला पण माहीत नाही गं," म्हणाले. यावर मी रडले नाही, उलट बरं वाटलं, आमच्या घरात कुणीतरी पहिल्यांदा माहीत नाही म्हणालं होतं. आमचे कागद आता पण कुठल्यातरी टेबलावर आहेतच, दुसऱ्या साहेबाच्या. पण आता कुठं सही करायची असली, कुणाच्या बाजूनं उभं राहायचं असलं, तर हे आधी येऊन विचारतात, काय करू. मला वाटतं कशाला विचारतात. नाही विचारलं तर चालणार नाही, तरी वाटतं.

स्वराला काल सगळं सांगितलं, जमेल तसं, पोळ्यांसकट. ती पलंगावर मांडी घालून ऐकत होती, छातीवरचा स्टिकर कडेनं निघत आलेला. "वेट," म्हणाली, "सो यू व्होटेड फॉर पोळी?"

"पहिल्यांदा पोळीला," मी म्हटलं.

"अँड सेकंड टाइम?"

धाकटी आत कुरकुरली, मी तिकडं बघितलं, ती परत गप झाली. स्वरा माझ्याकडंच बघत होती, ह्यांचे डोळे आहेत तिचे.

"मम्मा, वेअर यू स्केअर्ड?"

"हो," म्हटलं. त्या दिवशीपेक्षा मोठ्यानं.